मांस दूषित होतें तें कोठें?

अन्नानें प्राणाचें पोषण होतें हें सर्व जण जाणतात. पण तेंच अन्न हयगयीनें हाताळलें असतां प्राणावर बेततें, ही गोष्ट मात्र आपण फार लवकर विसरतों. दूध उतूं गेलें तर साऱ्या घरास कळतें. त्याच दुधांत रोगजंतु शिरले तर कोणासही कळत नाहीं. डोळ्यांस दिसणारी घाण आपण झाडून काढतों. न दिसणारी घाण ताटांत वाढून घेतों. या न दिसणाऱ्या घाणीविषयीं, आणि विशेषतः डुकराच्या मांसांत ती कोणत्या वाटेनें शिरते याविषयीं, आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस चार गोष्टी सांगाव्या असें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय पाहून कांहीं वाचक नाक मुरडतील, हें आम्ही जाणून आहों. आमच्या वाचकांत डुकराचें मांस धर्मानें निषिद्ध मानणारे आहेत, मुळींच मांस न खाणारे आहेत, आणि नाताळच्या सणास तें ताटांत नसेल तर सण झाला असें न मानणारेही आहेत. कोणीं काय खावें हें सांगणें आमचें काम नव्हे. परंतु जो नियम डुकराच्या मांसास लागू आहे तोच बोकडाच्या, कोंबडीच्या, मासळीच्या व दुधाच्या बाबतींतही थोड्याफार फरकानें लागू पडतो. डुकराचें उदाहरण घेण्याचें कारण इतकेंच कीं, रोगजंतूंचा प्रवास त्यांत पायरीपायरीनें फार स्पष्ट दिसतो. म्हणून जे हें मांस खात नाहींत त्यांनींही हा लेख शेवटपर्यंत वाचावा, अशी विनंति आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत धरावी. निरोगी जनावर जिवंत असतां त्याच्या मांसाच्या गाभ्यांत रोगजंतु जवळजवळ नसतातच. निसर्गानें कातड्याचा कोट बाहेरून घातला आहे आणि आंतून रक्तांतील संरक्षक पेशी रात्रंदिवस पहारा करीत असतात. जंतूंचीं वसतिस्थानें निराळीं आहेत: आंतड्यांतील मळ, कातडी व केंस, पायांच्या खुरा, तोंड, जीभ आणि घसा. मांस दूषित होतें याचा अर्थ असा कीं, या ठिकाणचे जंतु माणसाच्या हातानें, सुरीनें किंवा पाण्यानें मांसावर आणून ठेवले जातात. थोडक्यांत, मांस स्वभावतः मळकें नसतें. तें आपण मळवितों. ही गोष्ट लाजिरवाणी खरी, पण ती आशेची देखील आहे. कारण जें आपल्या हातून बिघडतें तें आपल्या हातूनच सुधारतां येतें.

या शास्त्राच्या इतिहासांतही डुकरास मोठें स्थान आहे. इसवी सन १८८५ मध्यें अमेरिकेंत डॅनिअल साल्मन या पशुवैद्याच्या खात्यांत काम करणाऱ्या थिओबाल्ड स्मिथ या तरुण संशोधकास आजारी डुकरांच्या शरीरांत एक नवा जंतु आढळला. शोध स्मिथचा, पण खात्याचा मुख्य साल्मन, म्हणून पुढें या जंतुकुळास ‘साल्मोनेला’ हें नांव मिळालें. त्या काळीं डुकरांत मोठी साथ पसरली होती व हाच जंतु तिचें कारण आहे असें त्यांस वाटलें. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं असें सिद्ध झालें कीं, त्या साथीचें खरें कारण याहून कितीतरी सूक्ष्म असा एक विषाणु होता. तर्क चुकला, पण सांपडलेला जंतु खोटा नव्हता. माणसास जुलाब, ओकाऱ्या व ताप आणणारें एक मोठें कुळ त्यामुळें हातीं लागलें. आज त्या कुळाचे अडीच हजारांहून अधिक प्रकार ठाऊक आहेत. याच सुमारास, म्हणजे १८८६ सालीं, मुंबईस परळ येथें पशुवैद्यक महाविद्यालय स्थापन झालें. जनावरांचा वैद्य हा माणसांच्याही आरोग्याचा राखणदार असतो, ही जाणीव आपल्या प्रांतांत तेव्हांपासूनची आहे.

आतां डुकराचा गोठ्यापासून दुकानापर्यंतचा मार्ग क्रमाक्रमानें पाहूं.

पहिली पायरी प्रवासाची. डुकरांस दाटीवाटीनें गाडींत कोंबून, उन्हांत तहानेलें ठेवून आणलें म्हणजे तीं भेदरतात व थकतात. ज्या जनावरांच्या आंतड्यांत साल्मोनेला दडून बसलेला असतो तीं या हालांमुळें तो मळावाटे अधिक प्रमाणांत बाहेर टाकूं लागतात. मग एकाच ओल्या फरशीवर निरनिराळ्या गोठ्यांतील डुकरें कोंडलीं कीं, कांहीं तासांतच एकाचा जंतु दुसऱ्यास लागतो. म्हणून जनावरास वाटेंत पाणी व सांवली द्यावी, कोंडवाडा धुतलेला असावा, आणि वधापूर्वीं कांहीं तास चारा बंद करून पाणी मात्र भरपूर पाजावें, असा नियम आहे. चारा बंद केल्यानें आंतडीं रिकामीं राहतात व पुढें तीं फुटण्याचें भय कमी होतें. मुक्या प्राण्यावर दया करा असें आपल्यास नेहमीं सांगण्यांत येतें. येथें दया व आरोग्य हीं दोन्हीं एकाच वाटेनें चालतात.

दुसरी पायरी सुरीची. गळ्यावर सुरी चालते तेव्हां हृदय अद्याप धडधडत असतें. सुरी घाणेरडी असली तर तिच्यावरील जंतु रक्ताच्या ओघाबरोबर आंत खोल जाऊं शकतात. म्हणून चांगल्या कत्तलखान्यांत प्रत्येक माणसाजवळ दोन सुऱ्या असतात. एक हातांत, व दुसरी सुमारें ८२ अंश सेल्सिअस तापलेल्या पाण्यांत बुडालेली. प्रत्येक जनावरानंतर सुऱ्यांची अदलाबदल होते. नुसत्या फडक्यानें पुसलेली सुरी चकचकीत दिसते, पण ती स्वच्छ नसते. उलट तें फडकेंच जंतूंचें कोठार होऊन बसतें.

तिसरी पायरी कढत पाण्याची. बोकडाचें कातडें सोलून काढतात. डुकराचें कातडें बहुधा अंगावरच ठेवून केंस तेवढे काढतात. त्यासाठीं धड सुमारें ६० ते ६२ अंश तापलेल्या पाण्याच्या हौदांत कांहीं मिनिटें बुडवितात. पाणी याहून फार तापलें तर कातडी शिजते. फार निवलें तर केंस सुटत नाहींत, आणि जंतुही मरत नाहींत. हौद एकच व धडें अनेक! योग्य उष्णता राखली तर त्या गढूळ पाण्यांतही बहुतेक रोगजंतु मरून जातात. परंतु सरपण वांचविण्यासाठीं पाणी कोमट होऊं दिलें, तर तोच हौद एका धडाचा मळ दुसऱ्यास चोपडण्याचें साधन बनतो. एक साधा उष्णतामापक किती मोठें काम करूं शकतो, याचें याहून चांगलें उदाहरण क्वचितच सांपडेल.

यापुढें केंस खरवडून काढतात. यंत्रानें खरवडतांना धड दाबलें जातें व आंतड्यांतील मळ बाहेर येऊन कातडीस लागतो. म्हणजे हौदांत मिळालेली स्वच्छता येथें पुन्हां हरवते. त्यावर उपाय अग्नीचा. मोठ्या कारखान्यांत ज्योतीच्या झोतांतून धड नेतात, तर खेडोपाडीं पेंढा पेटवून कातडी भाजतात. केंस जाळण्याच्या उद्देशानें चालत आलेली ही जुनी रीत जंतुशास्त्राच्या दृष्टीनेंही उपयोगाची आहे, कारण धगीनें वरवरचे जंतु मरतात. मात्र भाजलेलें धड पुन्हां मातींत किंवा गोणपाटावर टाकलें तर अग्नीचें सारें पुण्य फुकट जातें.

चौथी पायरी सर्वांत नाजूक. पोट फाडून आंतडीं बाहेर काढावयाचीं असतात. कुशल कारागीर अन्ननलिका व गुदद्वार दोन्ही बाजूंनीं बांधून घेतो, सुरीचें टोंक बाहेरच्या बाजूस वळवून कापतो आणि आंतडीं न फोडतां अखंड बाहेर घेतो. सुरीचा एक चुकीचा फटकारा बसला तर एका क्षणांत कोट्यवधि जंतु मांसावर सांडतात, आणि मग कितीही पाणी ओतलें तरी ते सर्वस्वीं जात नाहींत. पाण्याच्या लोटानें ते स्वच्छ भागावर मात्र पसरतात. या बाबतींत नॉर्वे देशाची हकीकत सांगण्यासारखी आहे. तेथें येर्सिनिया नांवाच्या जंतूमुळें, विशेषतः लहान मुलांस, पोटाचा विकार होत असे. १९९० नंतरच्या दशकांत तेथील कत्तलखान्यांनीं डुकराच्या गुदद्वाराभोंवतीं प्लॅस्टिकची एक पिशवी बांधून मगच आंतडीं काढण्याची पद्धत सुरू केली. साधी पिशवीच ती! पण त्यानंतर या रोगाच्या नोंदींत स्पष्ट घट दिसून आली. मोठें यंत्र नाहीं, महागडें औषध नाहीं; जंतु कोठून बाहेर पडतो हें ओळखून तें दार बंद केलें, एवढेंच.

हाच येर्सिनिया डुकराच्या जिभेवर व टॉन्सिल नांवाच्या घशांतील गांठींतही राहतो. म्हणून डोकें धडापासून वेगळें ठेवावें व डोक्यास लावलेली सुरी धडास लावूं नये, असा दंडक आहे. येथें तपासनिसाच्या कामासंबंधीं एक मजेची गोष्ट सांगूं. पूर्वीं तपासनीस क्षय आहे काय हें पाहण्यासाठीं जबड्याखालील गांठी चिरून पाहत असत. पुढें ध्यानांत आलें कीं, चिरणारी सुरीच एका डुकराचे जंतु दुसऱ्यास नेऊन पोंचविते. त्यावरून युरोपीय संघानें जून २०१४ पासून निरोगी दिसणाऱ्या डुकरांची तपासणी मुख्यतः डोळ्यांनीं, हात न लावतां करण्याचा नियम केला. शंका आली तरच चिरावयाचें. जुन्या काळचें भय डोळ्यांस दिसणाऱ्या रोगाचें होतें; आजचें भय न दिसणाऱ्या जंतूंचें आहे. शत्रु बदलला म्हणजे पहाऱ्याची रीतही बदलावी लागते.

पांचवी पायरी गारव्याची. धड साफ झालें तरी थोडे जंतु राहतातच. त्यांस वाढूं न देणें हें गारव्याचें काम. धड लवकर गार करून सात अंशांच्या खालीं आणावें, व काळीज, मूत्रपिंड वगैरे भाग तीन अंशांपर्यंत आणावे, असा युरोपांतील नियम आहे. ही पायरी चुकली म्हणजे काय होतें याचा दाखला स्वीडन देशानें १९५३ सालीं फार महागांत विकत घेतला. त्या वर्षीं उन्हाळ्यांत आल्वेस्ता या गांवच्या कत्तलखान्यांतून साल्मोनेलानें दूषित झालेलें मांस देशभर गेलें. सुमारें नऊ हजार माणसें आजारी पडलीं आणि नव्वद दगावलीं. स्वीडन हा मागासलेला देश नव्हे. तेथें कायदा होता, तपासनीस होते, शिक्केही होते. परंतु शिक्का जंतूस अडवीत नाहीं. या आपत्तीनंतर त्या देशानें गोठ्यापासून ताटापर्यंत साल्मोनेलावर पाळत ठेवण्याची पद्धत १९६१ सालीं कायद्यानें बांधली, व आज तेथील मांस या बाबतींत जगांत अत्यंत सुरक्षित समजलें जातें. शेजारच्या डेन्मार्कांतही १९९३ सालीं डुकराच्या मांसामुळें अशीच एक साथ उद्भवली, आणि १९९५ पासून तेथें कळपांची परीक्षा होऊं लागली. ज्या कळपांत जंतु फार, त्यांची डुकरें निराळीं कापावयाचीं, म्हणजे त्यांच्यापासून इतरांस उपद्रव नाहीं.

गारव्याचें महत्त्व विद्यार्थ्यांस गणितानेंच अधिक पटेल. अनुकूल उष्णतेंत एक जंतु सुमारें वीस मिनिटांत दुभंगून त्याचे दोन होतात. तासांत तीन वेळां दुप्पट. समजा, पहांटे पांच वाजतां मांसाच्या तुकड्यावर एकच जंतु बसला, आणि तो तुकडा उन्हाळ्याच्या दिवसांत दुपारीं बारापर्यंत उघडा टांगून ठेवला. सात तासांत एकवीस दुपटी झाल्या. पाटीवर मांडून पाहा: उत्तर येईल २०,९७,१५२, म्हणजे जवळजवळ एकवीस लाख! प्रत्यक्षांत आरंभीं जंतूस स्थिरस्थावर होण्यास थोडा वेळ लागतो व अन्नहि कमी पडतें, म्हणून आंकडा नेमका इतकाच भरेल असें नाहीं. पण वाढीची चाल हीच. पांच अंशांच्या खालीं ही चाल बहुतेक जंतूंच्या बाबतींत फार मंदावते, साठ अंशांच्या वर ती थांबते. मधला प्रदेश धोक्याचा, आणि आपल्या कोंकणपट्टीची हवा बाराही महिने या मधल्या प्रदेशांतच असते. येर्सिनिया व लिस्टेरिया हे दोन जंतु तर इतके चिवट कीं ते फ्रिजमध्यें देखील हळूहळू वाढतात. तेव्हां फ्रिज ही तिजोरी आहे असें समजूं नये. जंतु तेथें मरत नाहींत, फक्त सुस्तावतात. बर्फांत गोठविलेल्या मांसाचीही हीच कथा.

मांस कापणाऱ्या माणसाचा विचार आपण क्वचितच करतों. पण जंतु सर्वांआधीं त्यालाच गांठतो. चीन देशाच्या सिचुआन प्रांतांत २००५ सालीं आजारी व मेलेलीं डुकरें घरच्या घरीं कापणाऱ्या शेतकऱ्यांत स्ट्रेप्टोकोकस सुइस या जंतूची साथ पसरली. दोनशेंहून अधिक लोक आजारी पडले व चाळिसाच्या आसपास मरण पावले. हातावरील लहानशा जखमेंतून जंतु शरीरांत शिरत होता. आजारी जनावर विकून चार पैसे सोडवावे, हा मोह गरिबास पडतो; पण त्या पैशांची किंमत अशी द्यावी लागते. खाटिकाच्या धंद्यास आपल्या समाजानें पुष्कळ काळ तुच्छ लेखिलें. आम्हांस वाटतें, ज्याच्या हाताच्या कसबावर शेंकडों कुटुंबांचें आरोग्य अवलंबून आहे त्यास हातमोजे, वाहतें पाणी, साबण, रजा व योग्य मजुरी देणें हा उपकार नसून स्वतःच्या मुलांची काळजी घेणें आहे. ज्याच्या बोटास गळूं झालें आहे त्यास मजुरी बुडण्याच्या भयानें कामावर यावें लागलें, तर त्या गळवांतील जंतु मांसावर विष सोडतो, आणि तें विष उकळल्यानेंही नाश पावत नाहीं.

आपल्या प्रांताची व्यवस्था काय आहे तें आतां पाहूं. मुंबईचा वांद्रे येथील जुना कत्तलखाना बंद होऊन १९७१ सालीं देवनार येथें महानगरपालिकेचा विस्तीर्ण कत्तलखाना सुरू झाला. तेथें डुकरांसाठीं स्वतंत्र विभाग आहे, आणि वधापूर्वीं व वधानंतर पशुवैद्य तपासणी करतात. अन्नसुरक्षेचा २००६ सालचा कायदा २०११ पासून अंमलांत आला, व त्याच्या नियमांप्रमाणें मांस विकणाऱ्या लहान दुकानदारासही नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो. नियमांत फरशी कशी असावी, पाणी कसें असावें, सुऱ्या कशानें धुवाव्या, जमिनीवर जनावर कापूं नये, हें सर्व लिहिलें आहे. कायदा उत्तम आहे. पण कागदावरील स्वच्छता ताटांत उतरावयाची तर गिऱ्हाइकानें विचारणा केली पाहिजे. मांस कोठून आलें, केव्हां कापलें, परवाना कोठें लाविला आहे, हे प्रश्न विचारणें उद्धटपणाचें नव्हे. प्रामाणिक दुकानदारास तर त्यांचा आनंदच वाटेल. रस्त्याच्या कडेस गटाराशेजारीं कापलेलें मांस किलोमागें चार पैशांनीं स्वस्त मिळतें, पण तो फरक पुढें डॉक्टरकडे व्याजासह भरावा लागतो.

जनावर कसें वाढलें यावरही पुष्कळ अवलंबून आहे. उकिरड्यावर व गटारांत मोकाट हिंडणारें डुकर जें मिळेल तें खातें. एके काळीं गोव्याच्या कांहीं खेड्यांत शौचकूप व डुकरांचा गोठा एकमेकांस लागून असत. ती रीत आतां मागें पडली आहे. अशा ठिकाणीं जंतूंबरोबरच पट्टकृमीचाही फेरा चालू राहतो. या कृमीचीं अंडीं माणसाच्या विष्ठेंतून पाण्यावाटे भाजीपाल्यास लागलीं, तर तीं मुळींच मांस न खाणाऱ्याच्या पोटांतही जातात आणि क्वचित् मेंदूंत गांठी होऊन फेंफरें येतात. जो म्हणतो, ‘मी मांस खात नाहीं, मला काय त्याचें?’ त्यास हें उत्तर पुरे. गांवांतील प्रत्येक घरास शौचकूप असणें व प्रत्येक डुकर बांधून, कोरड्या जागीं, शिजविलेल्या अन्नावर पाळणें हा सर्वांचा प्रश्न आहे. तसेंच, डुकरें लवकर वाढावीं म्हणून त्यांस जंतुनाशक औषधें चारण्याची वाईट चाल अनेक देशांत पडली. त्यामुळें जंतु औषधास दाद देईनासे होतात. कोलिस्टिन हें माणसाच्या शेवटच्या उपायाचें औषध. त्यासही न जुमानणारा गुण डुकरांतील जंतूंत आढळल्याचें चीनमध्यें २०१५ सालीं प्रसिद्ध झालें, आणि भारत सरकारनें २०१९ सालीं अन्नासाठीं पाळलेल्या जनावरांस तें औषध देण्यावर बंदी घातली.

आपल्या पूर्वजांस जंतुशास्त्र ठाऊक नव्हतें. तथापि अनुभवानें त्यांनीं पुष्कळ शहाणपण गोळा केलें होतें. वसई-साष्टीच्या ख्रिस्ती घरांतील इंद्याल व सोर्पोतेल, किंवा गोव्याची चोरिस घ्या. सिरका, मीठ, मिरची, लसूण, ऊन व धूर यांचा त्यांत किती विचारपूर्वक उपयोग केला आहे! सिरक्याच्या आंबटपणांत बहुतेक जंतूंची वाढ खुंटते, मीठ मांसांतील पाणी ओढून घेतें, आणि ऊन व धूर वरची कातडी सुकवून टाकतात. मात्र एक भेद विसरूं नये. यानें जंतु आवरले जातात. सर्व मरतातच असें नाहीं. म्हणून चोरिस सुकलेली असली तरी ती नीट शिजवूनच खावी, आणि मुळांतलें मांस वाईट असेल तर सिरका त्यास चांगलें करील अशी आशा धरूं नये. मसाल्यानें वास झांकतो, दोष झांकत नाहीं.

आतां स्वयंपाकघरांतील नियम. ते थोडेच आहेत, पण रोज पाळावयाचे आहेत. कच्चें मांस घरीं आणतांच झांकून फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यांत ठेवावें, म्हणजे त्याचें पाणी दुसऱ्या अन्नावर गळणार नाहीं. तें नळाच्या धारेखालीं धुऊं नये. शिंतोडे दूरवर उडतात व कोशिंबिरीच्या काकडीवर जाऊन बसतात. धुवावयाचेंच असल्यास पातेल्यांत हलक्या हातानें धुवावें व मोरी लगेच साबणानें घांसावी. मांसाची पाटी व सुरी वेगळी असावी. हात साबणानें धुतल्याखेरीज मिठाच्या डब्यास लावूं नये. शिजवितांना तुकड्याच्या गाभ्यांत ७० अंश उष्णता दोन मिनिटें पोंचली पाहिजे. आपल्या रश्श्यांत लहान तुकडे खदखदून उकळतात, तेव्हां तेथें चिंता थोडी. पण मोठा अखंड तुकडा भाजतांना, किंवा खिम्याचे गोळे तळतांना, बाहेरून करपलेलें व आंतून कच्चें असें होऊं शकतें. अखंड तुकड्यावर जंतु बाहेरच्या अंगास असतात. खिमा केला म्हणजे ते आंतबाहेर सारखे मिसळतात. म्हणून खिम्यास अधिक जपावें.

आणि शिजलें म्हणजे संपलें असेंही नाहीं. क्लोस्ट्रिडियम नांवाच्या कांहीं जंतूंचीं बीजें उकळीतही जिवंत राहतात. मोठ्या हंड्यांत शिजलेलें मांस रात्रभर तसेंच ठेवलें कीं, तें निवतां निवतां हीं बीजें रुजतात. न्यू गिनी बेटाच्या डोंगराळ मुलखांत डुकरांच्या मोठ्या मेजवान्यांनंतर मुलांस आंतडीं कुजविणारा भयंकर रोग होत असे. त्यास तेथील लोक ‘पिगबेल’ म्हणत. या जंतूच्या विषानेंच तो होतो, असें १९६० नंतरच्या दशकांत उघडकीस आलें, व पुढें त्यावर लस निघाली. आपल्याकडे सणाच्या व लग्नाच्या पंगतींत हंडे मोठे असतात, आणि उरलेलें दुसऱ्या दिवशीं अधिक चवदार लागतें अशी समजूत असते. चवदार लागो, पण तें उथळ भांड्यांत काढून दोन तासांच्या आंत थंड जागीं ठेवावें, आणि खातांना पुन्हां पुरतें उकळावें.

आमच्या हेंद्रेपाड्यास या सर्व गोष्टी विशेष लागू आहेत. नांवांत अद्याप पाडा उरला असला तरी आतां येथें इमारती उभ्या आहेत, आणि बदलापुराच्या कित्येक घरांतील कमावतीं माणसें रोज लोकलनें मुंबईस जातात. सणाच्या दिवशीं दादरहून किंवा त्याहीपलीकडून पिशवींत मांस घेऊन निघालेल्या माणसास घरीं पोंचण्यास तासाहून अधिक लागतो, आणि गर्दीच्या डब्यांत उष्णता किती असते हें सांगणें नको. अशा वेळीं बर्फाची पिशवी बरोबर ठेवावी, किंवा मांस जवळच्या, खात्रीच्या दुकानांतून घ्यावें. दुसरी गोष्ट पुराची. २००५ व २०१९ सालच्या जुलै महिन्यांत उल्हास नदीनें बदलापुरास काय दाखविलें, तें येथील थोरांस आठवत असेलच. पुराचें पाणी गटारें, गोठे व विहिरी एक करून टाकतें. ज्या अन्नास तें लागलें तें, कितीही किंमतीचें असलें तरी, टाकून द्यावें. व वीज बराच वेळ गेली असल्यास फ्रिजमधील मांसाबद्दलही तोच नियम पाळावा. घरच्या गृहिणीस अन्न टाकणें जिवावर येतें, तें योग्यच आहे. पण लहान मूल, वृद्ध आजी व गर्भवती सून यांच्यापुढें त्या अन्नाची किंमत ती काय? साल्मोनेलाचा विकार धडधाकट तरुणास चार दिवस अंथरुणावर पाडून सोडून देतो. अशक्तांस मात्र तो कधीं कधीं सोडीत नाहीं.

वरील सर्व विवेचनाचें तात्पर्य असें. गोठ्यांत डुकर पाळणारा, गाडी हांकणारा, सुरी चालविणारा, हौदाचें पाणी तापविणारा, शिक्का मारणारा, दुकानदार आणि स्वयंपाक करणारी माउली या सर्वांची मिळून एक साखळी आहे. आल्वेस्ताच्या आपत्तींत कोणा एकाचा दुष्टपणा नव्हता. एका दुव्याची ढिलाई सर्व देशास भोंवली. नॉर्वेच्या पिशवींत कोणाची मोठी विद्वत्ता नव्हती. एका दुव्याची दक्षता अनेक मुलांस उपकारक झाली. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढें पशुवैद्य होईल, कोणी तपासनीस, कोणी दुकानदार, आणि घर तर प्रत्येकजण चालवील. जो ज्या दुव्यावर उभा असेल त्यानें तेवढा दुवा घट्ट धरावा. आरंभ करण्यास उद्यांची वाट पाहण्याचें कारण नाहीं. आज सायंकाळीं जेवणापूर्वीं साबणानें हात धुतांना वीसपर्यंत आंकडे मोजावे, आणि धाकट्या भावंडांसही मोजावयास शिकवावें. साखळीचा सर्वांत जवळचा दुवा आपल्या बोटांतच आहे.